दादाचा रिपोर्ट

३ जून
केसांच्या डॉ.कडे गेलो, गंगापूर रोड. वय २९ आणि टाळू दिसायला लागली. बाईंनी केस दोन मिनिटं पाहिले, मग टेपनं पोट मोजलं, मानेवरचा काळपटपणा पाहिला. विचारलं, वडील? ४६व्या वर्षी हार्टनं गेले. त्यांना टक्कल? पंचविशीपासून. रक्त तपासायला लावलं.

६ जून
साखर निघाली. गोळ्या, रोज चालणं. केस येतील का विचारलं. "त्यासाठी देत नाहीये," डॉ. म्हणाल्या. लवकर टक्कल पडणाऱ्यांत साखर जास्त सापडते म्हणून बघितली. भाऊ असेल तर त्यालाही तपासा.
दादा. मनमाडला, रेल्वेत ड्रायव्हर. सव्विसाव्या वर्षीच पूर्ण टक्कल.

१५ जून, रवि.
मनमाड. दादा हसला. टक्कल आपल्या घरचंच, म्हणाला. जेवताना तीनदा पाण्याला उठला. वहिनी खूश, हल्ली वजन उतरलंय म्हणून.  दादाला जबरदस्तीनं लॅबमध्ये नेलं.

१७ जून
रिपोर्ट. माझ्या दुप्पट. दादा म्हणतो, वहिनीला सांगायचं नाही.

२१ जून
दादा नाशिकला आला. डोळ्यांच्या डॉ.नी सांगितलं, पडद्यावर रक्ताचे ठिपके, साखर जुनी आहे.  रिक्षात म्हणाला, दोन महिने झाले, लांबचा सिग्नल नीट दिसत नाही. असिस्टंट रंग पुकारतो, त्याचं ऐकून मीही तोच.
रेल्वेच्या डॉ.ला सांग, म्हटलं.
"गाडीवरून उतरवतील रे. मी दुसरं काय करू शकतो?"
साखर उतरेपर्यंत थांब म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

२४ जून
वहिनीचा फोन. "भाऊजी, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? हे बोलतच नाहीत." नाही म्हटलं.
दादा अजून गाडीवर जातोय.

२६ जून
सकाळी दादाला फोन. आज तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार.
"सांग. मग तुला भाऊ नाही."
अकराला त्याची ड्यूटी, पॅसेंजर. रेल्वे दवाखान्याचा नंबर दोनदा काढला, नाही लावला. दहाला वहिनीला लावला. म्हणाली, हे आत्ताच डबा घेऊन निघतायत, देऊ का त्यांना?
नको म्हटलं, तुम्हीच ऐका. सगळं सांगितलं. डोळ्यांचंही.
 पलीकडे दार वाजलं. तो गेला, की ती त्याच्या मागे गेली, कळलं नाही. फोन कट.
आता बारा. दोघांचेही फोन लागत नाहीत.