एकोणीस नंबर

कारधा, १३ जानेवारी २०२५

चि. संजीव यास शोभाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ताईला या जमान्यात पोस्टाची काय हौस आली म्हणून हसशील. पण घरात खोल्या दोन, बाबांचे कान अजून तिखट आणि गोष्ट त्यांचीच. म्हणून माझ्या अंगणवाडीत बसून लिहिते आहे. उत्तरही इथल्याच पत्त्यावर टाक.

मामाचा संघ म्हणून खुशबू तुमचे सामने तिच्या टॅबवर लावते. तुमची शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ. पहिल्या रविवारी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आता चहा घेऊन सगळ्यांच्या आधी समोर बसतात.

पण घोळ झाला आहे. तू संघात आहेस, एवढंच मी बोलले होते. खेळाडूंच्या काठ्यांना जाळ्या बांधतोस हे सांगायचं राहिलं. बाबांनी ठरवून टाकलं की एकोणीस नंबरचा खेळाडू म्हणजे तूच. तोंडावर लोखंडी जाळी, चेहरा दिसत नाही. पण म्हणतात की चाल आपल्या संजूचीच आहे, चिंचेवरून पडला तवापासून डावा पाय असाच फेकते. आई गेली आणि तू आला नाहीस, तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव काल पहिल्यांदा ऐकलं. न्हाव्याच्या दुकानात बसून अख्ख्या कारध्याला सांगूनही आले. आता मी काय करू, ते कळव.

तुझी,
शोभाताई

रिजायना, कॅनडा, ४ फेब्रुवारी

ती. शोभाताईस संजीवचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोटभर हसलो. एकोणीस नंबर म्हणजे चोवीस वर्षांचा सडपातळ गडी. मला टक्कल पडलं, पोट सुटलं, जिना चढताना धाप लागते. बर्फाच्या मैदानावर हिरवा गालिचा अंथरून हे लोक काठीच्या जाळीत चेंडू झेलत, फेकत खेळतात, आणि मी मागच्या खोलीत बसून त्यांच्या काठ्यांच्या जाळ्या ओढून बांधतो. दोऱ्याचा ताण बोटांना कळतो, तो बाबांच्या हातमागावर बसून शिकलेला. हे त्यांना सांगावंसं फार वाटतं.

मग हसू थांबलं. आईच्या वेळी माझे कागद अडकले होते. निघालो असतो तर परत येता आलं नसतं, आणि मी इथलं राहणं निवडलं. बाबांचा राग खोटा नाही. दर दिवाळीला फोन करतो, ते घेत नाहीत. पण ताई, दुसऱ्याच्या नंबरावर आलेली माया मला नको. त्यांना खरं सांग. २२ मार्चच्या सामन्याला खेळाडूंच्या बाकाशी उभं राहायची परवानगी मी साहेबाच्या मागे लागून मिळवली आहे. गळ्यात पिवळा दुपट्टा घालीन. मला दाखव आणि सांग, हा तुमचा संजू. मग त्यांनी तोंड फिरवलं तरी चालेल.

खुशबूला गोड पापा. माझ्यावर रागावू नकोस.

तुझा,
संजीव

कारधा, २७ फेब्रुवारी

चि. संजीव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोनदा सांगायला बसले. एकदा बाबा तुझ्या गोलाची गोष्ट शेजारच्या पुंडलिकरावांना सांगत होते, दुसऱ्यांदा त्यांना धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलं आहे, मनाला लागेल असं काही बोलू नका. माग तर दिवाळीपासून बंदच आहे. आठवडाभर भात चिवडतात आणि रविवारी मात्र स्वतःहून आंघोळ मागतात.

तरी तुझं म्हणणं पटतं. तू पडद्यावर दिसलास की बोलेन. तोवर जेवणावर जरा हात आवर, नाहीतर मीच ओळखायची नाही.

काळजीत असलेली,
शोभाताई

रिजायना, २४ मार्च

ती. शोभाताईस सा. न. वि. वि.

एकोणीस नंबर कडेच्या फळीवर आदळला तेव्हा मी बाकाशीच होतो. त्याला उचलून नेत होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. घरचा नंबर होता. वाटलं, बाबा गेले.

बाबाच होते. विचारलं, संजू, कुठी लागलं रे बेटा? कानाशी हजारो माणसं ओरडत होती, तरी मला त्यांचा श्वासही ऐकू येत होता. इतकी वर्षं काय काय बोलायचं म्हणून मनात जुळवून ठेवलं होतं. मी म्हणालो, खांद्याले लागलं बाबा. त्यांनी विचारलं, लय दुखून राहिलं का? मी हो म्हणालो. ते तेवढं खरं होतं. मग म्हणाले, पुरे झालं खेळणं, आता घरी ये.

सामने एप्रिलअखेर संपतात. मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यांच्या पायाशी बसून सगळं खरं सांगेन. त्यांनी मला पाहिलं का, ते काल फोनवर विचारलं तरी तू सांगितलं नाहीस.

तुझाच,
संजीव

कारधा, १५ एप्रिल

चि. संजीव यास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाहिलं. फोनवर माझ्याने सांगवलं नाही.

टॅबवरचं चित्र पाऊण मिनिट मागून येतं. फोन ठेवून बाबा डोळे पुसत होते, तेवढ्यात पडद्यावर तू आलास. गळ्यात दुपट्टा, कानाला फोन, आणि लहान मुलासारखा रडत होतास. मी बोट पुढे केलं, तोंड उघडलं. बाबा तुझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, हा कोण गा म्हातारा? बिचाऱ्याच्या घरचं कोणी गेलं वाटते. कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसाले पायजे.

मी बोट मागे घेतलं. काय सांगणार होते? पोराशी बोलल्याचं सुख त्यांच्या चेहऱ्यावर होतं, ते मला मोडवलं नाही. मोरीत जाऊन रडून घेतलं.

ते आता अंथरुणावरून उठत नाहीत. नजरही मंद झाली आहे, जवळचा माणूस आवाजावरून ओळखतात. रोज विचारतात, संजूचा खांदा कसा आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की मेपर्यंत थांबू नका. पोस्टाने मेच उजाडेल, म्हणून या पत्राचा फोटो खुशबूकडून तुझ्या फोनवर पाठवते आहे. संजीव, सामने सोड आणि मिळेल त्या विमानाने ये. आणि माझं एवढं ऐक, खरं काही सांगू नकोस. आत येताना डावा पाय थोडा फेकत ये, आणि हात गळ्यात बांधून ये.

वाट पाहणारी, तुझी
शोभाताई