चक्कीच्या आवाजाबद्दल मिस्त्रीचं मत

घमापुर, जबलपूर
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप विष्णुकाकांच्या पायांवर (चक्की चालू असेल तर जरा लांबूनच) पुतण्या स्वप्निलचा दंडवत. मी इकडे मजेत आहे. डाव्या कानात शिट्टी वाजून राहते, पण ती आमच्या धंद्यात सगळ्यांनाच वाजते, तिला इथे कोणी आजार म्हणत नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? कुंदाकाकूंचं पित्त? म्हैस व्याली असेल तर कळवा. रेडा झाला असेल तर राहू द्या, उगाच सगळ्यांचं मन खट्टू.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिलो, असं तुम्हाला वाटेल. तर तुम्ही फोन नेहमी चक्कीपाशी उभे राहून उचलता. मग तुम्ही म्हणता "हां बोल", आणि मागून चक्की बोलते. मी एवढं सांगतो, तुम्ही "बरं बरं, दळण उद्या ने" म्हणून ठेवून देता. मागच्या वेळी मी माझ्या तापाबद्दल सांगत होतो.

तर मुद्द्याचं. उन्हाळ्यात मी नरखेडला आलो तेव्हा चक्कीला तो नवा आवाज लागला होता. आपल्या गावचा मिस्त्री भरवशाचा नाही (त्याला सायकल पंक्चर झाली म्हणून सांगितलं तरी तो बेअरिंग गेली म्हणतो), म्हणून तुम्ही मला फोन चक्कीजवळ धरायला लावला, आवाज भरून घ्यायला लावला, आणि म्हणालात की जबलपुरात तोफा बनतात, तिथल्या मिस्त्रीला चक्की काय जड, त्याला ऐकव आणि विचार, दुरुस्त करायची की काढून टाकायची. तेव्हापासून तुम्ही विचारून राहिले की मिस्त्री काय म्हणाला. मिस्त्रीचं मत या पत्रात शेवटी लिहितो, कारण ते असं मधूनच सांगितलं तर समजणार नाही.

मी इथे योगेंद्रभैयांच्या डीजेच्या गाडीवर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. (गावात तुम्ही मी साउंड इंजिनियर आहे असं सांगता, ते चालू ठेवा. काम तेव्हा डबे उचलायचं होतं, म्हणजे स्पीकरचे डबे. एकेक डबा आपल्या म्हशीच्या पारडूएवढा.) आल्या आल्या मी इथल्या अतुल मिस्त्रीच्या दुकानाकडेच निघालो होतो, देवाशपथ. आवाज बरोबर भरला की नाही हे बघावं म्हणून गाडीपाशी उभं राहून फोन लावला, तर आमच्या गाडीचं यंत्र असं लोचट की जवळचा कोणताही फोन आपणहून स्वतःला जोडून घेतं. काका, तुमची चक्की घमापुरच्या बाजारात चोवीस डब्यांतून निघाली. धुप धुप धुप टिक, धुप धुप धुप घर्रर्र. समोरच्या दुकानातल्या बरण्या सरकायला लागल्या. गल्लीतून एक बाई खरंच गव्हाचा डबा घेऊन आली आणि नंबर कुठे लावायचा म्हणून विचारायला लागली. मी बंद करायला धावणार, तेवढ्यात मोटरसायकलवरून एक पोरगा उतरला, डोळे मिटले आणि गाडीला कान लावून उभा राहिला.

हा तनय. अधारतालला राहतो, आपल्यातलाच, मराठी. वडील तोफांच्या कारखान्यात साहेब आहेत. मराठी समजतं पूर्ण, बोलताना मात्र अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरतो. मला म्हणाला, "भैया, हे कुणाचं आहे? कुठला आर्टिस्ट?" मी म्हटलं, माझ्या काकांचं आहे. तो म्हणाला, "काका अजून ॲक्टिव्ह आहेत?" मी म्हटलं, रोज सकाळी आठपासून, सोमवारी बंद. त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना.

आता तनय आणि त्याची मंडळी काय ऐकतात ते तुम्हाला समजावतो, मला समजायलाही वेळ लागला. त्यांचं संगीत असं की त्यात गाणं चालत नाही, चाल चालत नाही, शब्द चालत नाहीत. नुसतं धुप धुप. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे ते कोणाला ठाऊक असायला नको. कोणी ओळखलं की ते बाटलं. पाटनच्या रस्त्याला मटाराचं एक गोदाम आहे, हंगाम नसला की रिकामं असतं, तिथे ही मंडळी जमतात. (दुपारी दोन ते सहा. सातच्या आत सगळ्यांना घरी जावं लागतं.) मी तिथे तुमची चक्की लावली. कोणी एकमेकांकडे बघत नाही, हसत नाही, सगळे जमिनीकडे बघून मान हलवतात, जसं कोणाचं कानातलं पडलं आणि सगळे मिळून शोधून राहिले.

तुम्हाला आठवत असेल, आवाज भरताना मधे लाइट गेली होती. चक्की हळूहळू दमत दमत थांबली, पट्टा फटफट करत निपचित पडला, सगळं सामसूम, आणि तुम्ही मोठ्याने म्हणालात, "घ्या! गेली!" मग थोड्या वेळाने लाइट आली आणि चक्की पुन्हा कण्हत कण्हत उठली. मी ते पुसलं नव्हतं. गोदामात चक्की थांबली तेव्हा सगळे श्वास रोखून उभे. त्या सामसुमीत तुमचा आवाज आला. आणि चक्कीने पुन्हा वेग घेतला तेव्हा काका, जी मंडळी कधी हसत नाहीत ती एकमेकांच्या गळ्यात पडली. एक चष्मेवाली मुलगी रडली. ऋचा नाव तिचं. तनयने मला बाजूला घेऊन सांगितलं की जगात मोठमोठे लोक यंत्रांपुढे वर्षंवर्षं बसतात तरी त्यांना अशी थांबण्याची जागा सापडत नाही. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे ती जागा दिवसातून चारदा सापडते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे कोणाला ठाऊक नव्हतं. पण ऋचाच्या बहिणीचं लग्न निघालं, वरातीला गाडी आमची, आणि ऋचाने हट्ट धरला. नवरदेव घोड्यावर, पुढे सगळे काका-मामा, आणि लागली चक्की. पहिले सगळे बावचळले. मग लाइट गेली (तुमची, नरखेडची), घोडासुद्धा थांबला, तुम्ही म्हणालात "घ्या! गेली!", आणि मुलीकडचा एक जाडा फूफाजी (म्हणजे आत्याचा नवरा), ज्याला मराठीचं अक्षर येत नाही, तो दोन्ही हात वर करून ओरडला, "घ्या गेली!" संपलं. त्यानंतर या शहरात एक वरात चक्कीशिवाय निघाली नाही. आता तर साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत चक्की आहे. कोचिंग क्लासवाल्याने रिक्षाला भोंगा लावला आहे, त्यात चक्की थांबते, तुम्ही "घ्या! गेली!" म्हणता, आणि मग बाई सांगते की ॲडमिशनची तारीख गेली. आमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याची गाडी येते, तीही चक्की वाजवत येते. क्रिकेट खेळणारी पोरं आउट झालेल्याला "घ्या गेली" म्हणतात. तुम्ही इथे आलात आणि नुसतं बोललात तरी गर्दी जमेल, इतकं तुमचं नाव आहे, फक्त नाव कोणाला ठाऊक नाही.

तनय मात्र खचला. कचऱ्याची गाडी ऐकली त्या दिवशी तो माझ्याकडे आला, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "तू बेच दिया, भैया." मी म्हटलं, अरे, मी काही विकलं नाही, चक्कीच आहे ती, तिचं कामच चार लोकांचं दळण. त्याला पटलं नाही. आता तो त्याच्या आईचं शिलाई मशीन ऐकतो. (परवा त्या मशीनलाही एका साखरपुड्याचं बोलावणं आलं. पोरगा दोन दिवस जेवला नाही.)

माझं मात्र भलं झालं. आता मी डबे उचलत नाही. मी वर उभा राहतो, टोपी घालून, आणि एक हात कानावर ठेवतो. योगेंद्रभैया मला सगळ्यांसमोर "कलाकार" म्हणतात. पण दसऱ्याच्या चल समारोहाचं (म्हणजे मिरवणुकीचं) काम घेतलं आहे, शहरातल्या सगळ्या गाड्या एकामागे एक लागतात, आणि भैया म्हणतात की जुनी चक्की आता कचऱ्याच्या गाडीवर वाजते, दसऱ्याला नवी पाहिजे. तीच चक्की, पण आणखी बिघडलेली. नाही मिळाली तर टोपी काढ आणि डबे उचल. म्हणून काका, आवाज आणखी बिघडला का, तेवढं कळवा. घर्रर्रच्या जागी खडखड येत असेल तर फारच उत्तम.

आता मिस्त्रीचं मत. जाणकार माणसाचं मत असं आहे की चक्कीला दसऱ्यापर्यंत अजिबात हात लावू नये. जशी आहे तशी चालवावी. काकूंना नमस्कार, लहानांना काय ते आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक
स्वप्निल

ता. क. वर जाणकार माणूस लिहिलं आहे, ते योगेंद्रभैया. मिस्त्री नव्हे. मिस्त्रीकडे जायचं राहूनच गेलं होतं. पण मिस्त्रीने ऐकलं आहे, खोटं सांगत नाही. त्याच्या भाचीच्या वरातीत अतुल मिस्त्री स्वतः सगळ्यांच्या पुढे, रुमाल दातात धरून नाचत होता. नाचत नाचतच गाडीजवळ आला, रुमाल काढला आणि माझ्या कानात म्हणाला, "बढ़िया बजा रहे हो। बेयरिंग गई है इसकी।" आणि रुमाल पुन्हा दातात धरून गेला. (म्हणजे आपल्या गावचा मिस्त्री बरोबर होता. त्याला सांगू नका, तो मग आयुष्यभर तेच म्हणेल.)

ता. क. दुसरा. चक्की चालवायचीच असेल तर पट्ट्याच्या बाजूला उभे राहू नका. काकूंनाही उभं राहू देऊ नका. पीठ गोळा करायला वाकू नका. मिस्त्री त्या वरातीत आणखी एक वाक्य बोलला होता, चक्की पुन्हा लावली आणि दुसऱ्यांदा लाइट गेली तेव्हा. ते असं की अशी बेअरिंग चालवत राहिलं तर एक दिवस दगड जागा सोडतो आणि भिंतीतून बाहेर निघतो.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. काका, चक्की बंद करा. आत्ताच, हे वाचता वाचता. कोणाचं दळण अर्धं राहिलं तरी राहू द्या. पत्र आता पाकिटाऐवजी पत्र्याच्या डब्यात घालून पाठवून राहिलो, त्याच डब्यात तळाशी, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली नवी बेअरिंग आहे, अतुल मिस्त्रीनेच निवडून दिली. आपल्या मिस्त्रीकडून बसवून घ्या आणि तो जे म्हणेल त्याला हो म्हणा. मी डबे उचलीन, त्यात काय. पाठ अजून मजबूत आहे.

ता. क. चौथा. जुनी बेअरिंग मात्र भंगारवाल्याला देऊ नका. योगेंद्रभैयांनी पाटनहून एक जुनी चक्की आणली आहे, दसऱ्याला गाडीवरच चढवायला. दगड काढून टाकले, उडायला काही ठेवलं नाही. पण ती मेली इतकी सुरळीत चालते की कोणाला झोप लागावी. तिच्यात तुमची बेअरिंग घालून बघतो. आता राहिलं फक्त वेळेवर "घ्या! गेली!" म्हणणं. मी म्हणून पाहिलं, तनयने म्हणून पाहिलं, खुद्द फूफाजींना बोलावून पाहिलं, कोणालाच तेवढा राग येत नाही. तेव्हा चक्की बंद असेल तेवढे दिवस बेअरिंग घेऊन तुम्हीच या. काकू परवानगी देतील का म्हणून मी तुम्ही घरी नसताना त्यांना आधीच फोन केला होता. त्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "आजच ने," म्हणाल्या.