सड्यावरची भेग

कोल्हापूर, रविवार

तीर्थरूप आबा,

नमस्कार. आधी निवांत बसा, मग वाचा. बातमी चांगली हाय.

देवराईतला आपला झरा मेलेला नाही. आमच्या भूगर्भवाल्या पूर्णिमा मॅडम राईच्या वरचा कातळाचा सडा बघून आल्या. सड्यावर खडक फाटून जी लांब भेग पडलीय, ती थेट राईखाली उतरते आणि पावसाचं पाणी तिच्यातूनच झऱ्याला येतं. गेल्या वर्षी वासराचा पाय अडकला म्हणून तुम्ही दगडमातीनं बुजवली, तीच ही भेग!

चूक माझीही हायच की. संवर्धनाच्या नकाशावर मी हद्द फक्त राईभोवती आखून मोकळी झालेले. आता भेगेच्या दोन्ही अंगांचा सडा आत घेतलाय. तिथं कुणी जांभा दगड खणणार नाही.

भेग मोकळी केली की येत्या पावसाळ्यात झरा वाहील, असं मॅडम म्हणाल्या.

गुडघा कसा आहे? खरं सांगा. एकट्यानं दगड उचलू नका, शनिवारी मी येतेय.

देवी कोपली म्हणून झरा आटला असं धरून तुम्ही वर्षभर गोड सोडलंय, हे आईनं सांगितलं मला. पेढे आणते. पहिला देवीला, दुसरा तुम्हाला. आता न्हाय म्हणायचं न्हाय.

तुमची लेक,
क्रांती