आत्याचं पत्र आणि दानाचे स्टॅम्प

१० ऑक्टोबर २००४, रविवार. एर्लांगेन, जर्मनी.
कुसुमआत्याचे यजमान यशवंतकाका जाऊन महिना झाला. आत्याला अजून माझा एक शब्द नाही. दहावीच्या परीक्षेला काका मला रोज सायकलवर डबलसीट न्यायचे. लाज वाटते. रजा मिळत नाही असं बाबांकरवी आत्याला कळवलं होतं. रजा होती. बायकोला, मुक्ताला घेऊन इटलीत गार्डा लेकला फिरायला गेलो. पण हॉटेलचं बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं, हेही बघायला पाहिजे.
ठरलं. सविस्तर पत्र लिहायचं. याच आठवड्यात.

१२ ऑक्टोबर
पोस्टात दानाचे स्टॅम्प मिळतात. ५५ + २५ असं छापलेलं. म्हणजे ऐंशी सेंटचा स्टॅम्प, आणि त्यातले पंचवीस पोस्ट गरजूंना देते. चांगले लोक आहेत. काउंटरवरच्या बाई बरंच काही समजावत होत्या. मी नीट न कळताच ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे हो, हो, बरोबर, म्हणत राहिलो. दहा घेतले. सांत्वन आणि दान एकदमच. बाहेर पडताना मन हलकं झालं. पत्र निम्मं लिहिल्यासारखंच आहे.

१७ ऑक्टोबर
पत्र नाही. मुक्ता म्हणते, फोन कर, पाच मिनिटांचं काम आहे. तिला समजत नाही. फोनवर माणूस काहीही बोलतो. पत्रात विचार असतो.

३१ ऑक्टोबर, रविवार
हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली. एक तास जास्त मिळाला. झोपलो.
मुक्तानं टोमणा मारला की युरोच्या आधीचे, मार्कवाले स्टॅम्पही असेच ड्रॉवरमध्ये बाद झाले. आईला लिहायला म्हणून घेतले होते मी ते. बदलून घ्यायला वर्षभर मुदत होती, तीही गेली. पण हे युरोचे आहेत. यांना एक्स्पायरी नाही. आल्झो, तर मग, घाई कसली?

१३ नोव्हेंबर
चार पानं लिहिली. पहिलं पान रजेबद्दल. दुसरंही. वाचून स्वतःचीच किळस आली. फाडली. काका गेल्याचं वाईट वाटतं, हे एवढं लिहायला इतका त्रास का होतो?

२० नोव्हेंबर, शनिवार
झालं एकदाचं. एकच पान, पण मनापासून. गार्डा लेकचंही खरं सांगितलं. भारताच्या पत्राला १.५५ युरो लागतात. दोन स्टॅम्प लावले, १.६०. पाच सेंट जास्तच. मुक्तानं विचारलं, पंचवीस गरजूंना गेले तर पत्राला किती उरले? म्हटलं, तो पोस्टाचा हिशेब, आपला नाही. पिवळ्या पेटीत टाकलं. रात्री छान झोप लागेल.

२३ नोव्हेंबर
पोस्टात पार्सल घ्यायला गेलो. त्याच बाई. सहज विचारलं. पंचवीस सेंट आपण देतो म्हणे, पोस्ट नाही. पत्राला धरतात फक्त पंचावन्न. म्हणजे माझ्या पत्रावर १.१० आहेत. उरलेले आत्याकडून दंडासकट वसूल करतील.
काका गेल्यावर मी आत्याला नॉटपेड पत्र पाठवलं.
मुक्ता म्हणाली, आता तरी फोन कर. पण पेटीतून पत्र काढताना कोणाच्या लक्षातच आलं नसेल तर? उगाच कशाला घाबरवायचं तिला. वाट बघू.

५ डिसेंबर
वाट बघतोय. जेवण जात नाही.

१९ डिसेंबर, रविवार
आत्याचा फोन आला. बूथवर जाऊन केला तिनं. पोस्टमन दंड मागत होता, म्हणून पत्र परत पाठवलं म्हणाली. अक्षर माझं आहे हे ओळखलं होतं. म्हणाली, आता तोंडानंच सांग काय लिहिलं होतंस, मी ऐकतेय.
मी म्हणालो, इकडे बर्फ पडलाय.
तिकडे बूथचं मीटर पळत असणार. मग ती म्हणाली, ह्यांचा लोकरीचा स्वेटर तसाच पडलाय, तुझ्या अंगाला होईल, पाठवून देते.
मी थँक्यू म्हणालो. आत्याला.