एक्स-रे दोनदा काढला

मुरबे, शुक्रवार, जून १९८४

नर्सिंगच्या यादीत नाव लागलं, आता फक्त मेडिकल उरली होती. आज त्यासाठी पालघरला जाऊन आले. बाकी मुलींचा छातीचा एक्स-रे एकदाच काढला. माझा दोनदा. "हललीस तू," बाई म्हणाल्या. मी हलले नव्हते. श्वाससुद्धा रोखून धरला होता. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला?" मी पटकन नाही म्हटलं. का म्हटलं? बाहेर वेटिंगवरच्या मुली ताटकळत बसल्या होत्या, म्हणून?

घरी आल्यावर आईला सांगितलं. सुके बोंबील बांधता बांधता ती हसली. "गल्यातला ताईत काडला नसशील. तोच दिसला असंल." सकाळी तिनेच बांधला होता, देवीचा. मी "हां" म्हटलं. पण ताईत काढून मी मुठीत धरला होता. आणि मी हलले नव्हते.

मघाशी जेवताना बघितलं, आईने आपला पेला वेगळा ठेवलाय, चुलीमागे. विचारलं, "कवापासून?" तोंडाला पदर लावून ती खोकली. "दिवालीपासून."

पेला तिने वेगळा केला. गोधडी अजून आमची दोघींची एकच आहे.