कोऱ्या मस्टरवरचा अंगठा

बाबा, तुम्ही असताना तुमच्याशी वाद घालणे मी कायम टाळले. आज ते टाळता येत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

जोगेश्वरीत सार्वजनिक जमिनीवर एक मोठा गृहप्रकल्प उभा राहतो आहे. जमीन लोकांची, विकासकाला दिलेले जादा चटईक्षेत्र लोकांच्या नावावरचे, करातली सूट लोकांच्या खिशातली. तेव्हा तिथे राबणाऱ्याला खोलीचे भाडे, रेशन आणि मुलांची शाळा भागेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, ही अट मी देखरेख समितीकडून मान्य करून घेतली. मसुदाही माझाच. मजुरी दिल्याचा पुरावा काय, या प्रश्नावर मी लिहिले : हजेरी-मजुरीच्या मस्टरवर मजुराचा अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. ते कलम मला निर्दोष वाटले होते.

गेल्या आठवड्यात तिथे सळया बांधणाऱ्या एका मजुराने कोऱ्या मस्टरवर अंगठा द्यायला नकार दिला. आकडा मागाहून भरू, असे मुकादम म्हणाला. आधी भरा, असे हा म्हणाला. दोघांनी त्याला खडीवर पाडले, तिसऱ्याने त्याचा उजवा हात सळयांच्या चळतीवर दाबून धरला आणि मुकादमाने हातोडा घातला. एकदा नव्हे. डाव्या हाताला कुणी धक्का लावला नाही, कारण पुरुषाचा ठसा डाव्या अंगठ्याचा घेतात. तो घेतला.

रुग्णालयात मी त्याला अटीचा अर्थ समजावू लागलो, तेव्हा त्याची बायको उठून उभी राहिली. “वकीलसाहेब, तुमच्या कागदाला अंगठाच लागतो ना? मग बाकीचा माणूस कशाला ठेवलाय? न्या की तोडून!”

तो खाटेवरून हसला. “डावा नको गं देऊ. पगार त्याच्यावरच होतो माझा.”

कागदोपत्री त्याला पूर्ण मजुरी पोचली आहे. कंत्राटदाराचा वकील माझेच कलम वाचून दाखवतो. उद्या समितीपुढे ते मस्टर ग्राह्य ठरले, तर याला ना मजुरी मिळेल ना उपचाराचा खर्च, आणि बाकीचे मजूर निमूट अंगठे देतील. कोरे मस्टर कसे भरले जाते, हे मला शपथेवर सांगायचे आहे. ‘तुम्हाला कसे ठाऊक?’ असे कंत्राटदाराचा वकील मला विचारणारच.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही चारकोपला एका बांधकामावर मुकादम झालात. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो. रविवारी तुमचे मस्टर लिहायला येत असे. पत्र्याच्या त्या खोलीत तुम्ही एका गवंड्याचे डोके खांबावर आपटता आहात. “अंगठो दी, नायतर उद्या येव नको!” तो मूठ उघडत नाही. तुम्ही पुन्हा आपटता. त्याच्या कानातून रक्त येते, मूठ आपोआप सैल पडते, आणि तुम्ही त्याचा अंगठा शाईवरून कागदावर टेकवता, अगदी हळुवार, ठसा फिसकटू नये म्हणून. मग माझ्याकडे वळता. “बघतस काय? शिकलेलो मां तू? साक्षीदार म्हणान सही कर.”

मी केली.

प्रतिज्ञापत्र लिहून झाले आहे. त्यात तुम्ही आहात, खांब आहे, रक्त आहे. हे पत्र कुठे जायचे नाही, म्हणून इथे कबूल करतो : साक्षीदाराच्या जागी मी अजून ‘एक सुशिक्षित इसम’ एवढेच लिहिले आहे.