पांढरं पडलेलं भिंग

प्रिय ओंचारी,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याच्या गप्पांवर येते, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. हा तिसरा कागद. आधीचे दोन फाडले.

आई तशी ठणठणीत आहे, अख्ख्या तबाका गावाला पुरून उरेल अशी. पण परवा तिने दगडाच्या ताटलीवर जिराफ कोरायला घेतला आणि त्याची मान ताटलीच्या कडेवरून थेट स्वतःच्या मांडीवर उतरवली. सुरी लागली, थोडं रक्त आलं. शेजारची बोसिबोरी हसली तर म्हणते कशी, "जिराफच उंच निघाला, त्याला मी काय करू?"

तिचा डावा डोळा तू तान्हा, तिच्या पाठीशी बांधलेला होतास तेव्हाच दगडाच्या कपचीने गेला. उरला उजवा. त्यातला मोतीबिंदू सहा वर्षांपूर्वी मी काढला आणि कृत्रिम भिंग बसवलं. पट्टी सोडल्यावर तिने आधी माझे केस पाहिले. "डॉक्टरीणबाई, पहिल्या पगारात कंगवा नाही का घेतलास?" त्या दिवशी मला स्वतःचा केवढा गर्व वाटला होता!

आता ते भिंगच पांढरं पडलंय. क्वचित होतं असं. ते काढून नवं बसवायचं, पण जुनं आत चिकटलेलं असतं आणि सोडवताना होती ती नजरही जाऊ शकते. किसुमूचे आमचे सर शस्त्रक्रिया करायला तयार आहेत. आई ऐकेल तर शपथ. "घरची पोरगी असताना परक्याची सुरी कशाला? तिचे हात माझेच आहेत," म्हणते. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल दोनदा चहात मीठ घातलं.

ओंचारी, गेल्या वर्षी धुकं दिसायला लागलं तेव्हा ती माझ्याकडेच आली होती. भिंगामागच्या पापुद्र्यावर जळमट धरतं, ते नेहमीचंच. दिवसाला चार जण तेच घेऊन येतात. बाहेर रांग होती. मी भिंग नीट तपासलंच नाही, लेसर मारून पापुद्र्याला भोक पाडलं. पापुद्रा स्वच्छ होता रे, धुकं भिंगातच होतं. नव्या भिंगाला त्याचाच आधार मिळाला असता. आता शस्त्रक्रिया कुणीही केली तरी धोका वाढलाय, आणि तो माझ्यामुळे. आई मात्र गावभर सांगते, पोरीने उजेड मारला होता, पण माझा डोळाच मेला हट्टी.

संमतीपत्र तिला वाचता येणार नाही. अशा वेळी नातेवाइकाने ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि खाली सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने वाचलेलं चालत नाही. म्हणून शुक्रवारी मोम्बासाहून ये. संमतीपत्राच्या सातव्या ओळीत मी माझ्या हाताने लिहिलंय: आधीचा लेसर चुकीचा होता, तो डॉ. केरुबोने मारला. दोनदा तिच्यापुढे बसले, तोंड उघडलं आणि भाजी काय करू विचारून उठले. तू वाच, न अडखळता. मी तिथेच उभी असेन. मग डोळा कुणाच्या हातात द्यायचा, ते तिला ठरवू दे.

तुझीच भित्री बहीण,
केरुबो